चार दाती कार्ड

ग्राफिक्स कार्डाचे दात बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे शेजारी म्हस्केनाना. सर्जेपुऱ्यातल्या फिरोजच्या कॉम्प्युटरच्या दुकानात त्यांनी ते कार्ड हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, दाराच्या उजेडाकडे तोंड केलं आणि कार्डाच्या खालच्या कडेला ज्या सोनेरी पट्ट्या ओळीनं असतात त्यांच्यावरून अंगठा फिरवला. मग कार्ड परत काउंटरवर ठेवत म्हणाले, "हे एकदा दुसऱ्याच्या दावनीला बांधल्यालं हाय. दातावर वरखडे हायत. दुसरं काढा."

फिरोज माझ्याकडे बघायला लागला आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. कार्ड खरंच एका गिऱ्हाइकानं आठवडाभर वापरून परत आणून टाकलं होतं, हे फिरोजनं पुढे कबूल केलं. पण म्हणून नानांना कॉम्प्युटरमधलं काही कळत होतं, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. त्याच दिवशी त्यांनी एक कोरं करकरीत कार्ड उलटं करून पाहिलं, मागच्या बाजूचे सोल्डरिंगचे बारीक टोचरे ठिपके हाताला लागले, आणि "पाठीवर काटा आलाय, अंगात ताप असंल" म्हणून तेही नाकारलं.

नाना जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक होते. सगळी नोकरी गायी-बैलांत गेली. घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायचा तर म्हस्केसाहेबांना सोबत न्यायचं, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी केडगावात आमच्या शेजारी टुमदार घर बांधलं. जनावरं सुटली, पण जनावर बघायची नजर काही सुटली नाही. ती मग मिळेल त्या वस्तूवर पडायची.

त्यांचा लाडका शब्द 'खोड'. बैलबाजारात विकणाऱ्यानं आधी जनावराची खोड सांगायची रीत असते. मारकं आहे, बसकं आहे, डावीकडे ओढतं, जे असेल ते. नाना हा नियम सगळ्या जगाला लावत. आम्ही फ्रीज आणला तेव्हा दुकानदाराच्या माणसाला त्यांनी विचारलं, "याला खोड काय?" तो म्हणाला, काही नाही. नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "परत पाठवा. ज्याला खोड न्हाई म्हनत्यात त्याला लई मोठी असती." आमच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले त्यांच्याबद्दलही त्यांनी मला हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर मात्र मला लगेच देता आलं.

माझ्या मेव्हणीला बघायला मुलगा आला होता. नाना शेजारधर्म म्हणून येऊन बसले. पोहे झाल्यावर मुलाला म्हणाले, "पाव्हनं, जरा त्या नळापत्तुर जाऊन या." मुलगा बिचारा गेला आणि आला. नाना माझ्या कानाशी लागले, डाव्या पायानं ओढतोय. मुलाचा नवा बूट चावत होता, दुसरं काही नव्हतं. लग्न झालं, सुखाचं चाललं आहे, तरी नाना अजून त्याच्या डाव्या पायाकडे बघतात.

तर असे हे नाना आणि त्यांच्या सुमनकाकू. काकू शांत, हसऱ्या, आणि चालण्यात कुणाला हार न जाणाऱ्या. चालण्यात म्हणायचं कारण असं, की काकू कुठल्याही वाहनात बसत नसत. आधी बसायच्या. नानांच्या जुन्या स्कूटरवर मागे बसून त्यांनी अख्खा जिल्हा पाहिला होता. पण दोन वर्षांपूर्वी नेवाशाहून, मुलीच्या घरून परत येताना, घोडेगाव यायच्या आत, तिन्हीसांजेला समोर उसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला दिवा नव्हता. नानांनी गाडी बाजूला घेतली आणि बाजूला लिंबाचं झाड होतं. नानांना खरचटलं, काकूंचं मनगट मोडलं. मनगट बसलं. काकूंचं भय मात्र बसलं नाही.

नानांनी त्यांना एसटीत बसवून पाहिलं. पहिल्याच थांब्याला उतरून काकू पायी घरी आल्या. रिक्षात बसवलं आणि डोळे मिटून घ्यायला सांगितलं, तर म्हणाल्या की डोळे मिटले की झाड जास्तच अंगावर येतं. मग दाताच्या डॉक्टरकडे, लग्नाला, बँकेत, सगळीकडे काकू चालत जायच्या. केडगावातून नगरात चालत जाऊन चालत यायच्या आणि वर आल्यावर सांगायच्या की तेवढेच पाय मोकळे झाले.

पण नेवाशाला काही चालत जाता येत नाही. तिथे त्यांची मुलगी रंजना. तिला दुसऱ्या खेपेला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण केडगावलाच झालं होतं, पण आता मोठ्याची शाळा आणि सासूबाईंचे गुडघे, त्यामुळे ती तिकडेच राहणार होती. नानांकडे फोन नव्हता, म्हणून रंजनाचा फोन आमच्याकडे यायचा. आई, बारशाला तरी येशील ना, एवढंच ती विचारायची. काकू 'बघू' म्हणायच्या. फोन ठेवल्यावर आमच्या पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसून राहायच्या, आणि मग आमच्या हिला म्हणायच्या की तुमची ज्वारी निवडायची असेल तर आण, निवडून देते.

अशा दिवसांत नानांना कॉम्प्युटरवरच्या गेमचं वेड लागलं.

कॉम्प्युटर नानांच्या मुलाचा. तो बंगळूरला नोकरीला गेला आणि हे धूड घरी ठेवून गेला. नानांनी त्याच्यावर विणलेलं कापड घालून वर्षभर त्याची नुसती निगा राखली. मग एक दिवस मला हाक मारली. शाळेनं मला कॉम्प्युटरच्या शिबिराला पाठवलं होतं, त्यामुळे केडगावात मी तज्ज्ञ समजला जात असे. शिबिरात मी जे शिकलो त्यात कॉम्प्युटर नीट बंद कसा करायचा हे मला पक्कं आलं होतं. बाकीच्या बाबतीत मी मान हलवून काम भागवायचो.

मुलानं त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम ठेवला होता. नाना तो खेळायचे. खेळायचे म्हणजे काय, शर्यत सुटली की बाकीच्या गाड्या भुर्रकन निघून जायच्या आणि नाना मागे एकटेच, बाजार उरकून घराकडे निघाल्यासारखे. वळण आलं की हॉर्न वाजवायचे. थोड्या वेळानं पुढे गेलेल्या गाड्या फेरी पूर्ण करून मागून यायच्या, तेव्हा नाना आपली गाडी कडेला घेऊन त्यांना वाट द्यायचे. शेवटी पडद्यावर ते हरले असल्याचं इंग्रजीत लिहून यायचं. नाना ते सावकाश वाचायचे, 'बरं' म्हणायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

सगळ्या कॉलनीत हसू झालं. पेन्शनर माणूस, बायको मुलीच्या काळजीनं सुकून चाललेली, आणि हा दिवसभर मोटारी पळवतोय. मलाही राग यायचा. मी एकदा आडून बोललोसुद्धा, की नाना, काकूंना नेवाशाला कसं न्यायचं याचा काही विचार केला का? नाना पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "सर, हे झाड बगा. रस्ता मोकळा असतोय, आन धा पावलांवर आलं की खस्सकन म्होरं उभं. आसं कुठं असतं व्हय? झाड आदीपासनं जागेवरच असतंय की."

मी बघितलं तर खरंच. मोकळ्या रस्त्यावर झाडं ऐनवेळी जमिनीतून उगवत होती. मी मान हलवली. नानांनी फर्मान काढलं की ही खोड काढायची, आणि काढणारा माणूस सर, तुम्ही शोधायचा.

मी फिरोजला विचारलं. फिरोज म्हणजे खाली सायकलचं दुकान आणि वर माळ्यावर कॉम्प्युटर विकणारा, सदा घाईत असलेला तरुण. तो म्हणाला, साधं कार्ड आहे, ते लांबचं चित्र काढू शकत नाही, म्हणून जवळ आलं की दाखवतं. गेमसाठीचं वेगळं कार्ड बसवा. ते स्वस्तातलं, मधलं आणि महागातलं असं मिळतं. मी हे नानांना सांगितलं आणि इथं माझं चुकलं, कारण बाजारात तीन जनावरं उभी आहेत म्हटल्यावर नाना घरी बसणारे नव्हते.

आम्ही सर्जेपुऱ्यात गेलो. नानांच्या खांद्यावर टॉवेल आणि पिशवीत शेंगा. सौदा बसून करायचा असतो, म्हणून शेंगा. फिरोजनं कार्डं मांडली, दातांचा प्रकार झाला, आणि मग तो सेकंदाला किती चित्रं, किती रंग, असं भराभर सांगायला लागला. नाना म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. चाल दावा."

फिरोजनं गेम लावला. नानांनी त्याला थांबवलं. बैल घेताना भरलेल्या गाडीची चाकं बांधतात आणि मग ओढायला लावतात. तसं यालाही ओझं घाला म्हणाले. म्हणजे काय ते फिरोजला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. अखेर त्यानं एकीकडे गाणं लावलं, एकीकडे पत्र टाइप करायचं पान उघडलं, प्रिंटर सुरू केला आणि वर गेम चालू केला. स्वस्तातलं कार्ड दोन वळणं गेलं आणि पडदा जागच्या जागी थिजला. फिरोज म्हणाला, हँग झालं. नाना म्हणाले, बसकं आहे, बाजूला घ्या.

महागातल्या कार्डानं मात्र तोंडात बोट घालावं असं चित्र दाखवलं. गाडीच्या काचेत आभाळ दिसत होतं. मी तर बघतच राहिलो. नानांनी उपड्या तळव्यानं कार्डाला हात लावून पाहिला, जनावराच्या कानाला लावतात तसा, आणि विचारलं की याला खाणं किती? फिरोज जरा चाचरला. मग म्हणाला की नानांच्या कॉम्प्युटरला हे झेपायचं नाही, विजेचा डबा मोठा घालावा लागेल, मेमरी वाढवावी लागेल. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "आदत हाय. रूप लई, पन अजून जुवाखाली गेल्यालं न्हाई. आन आपल्या गोठ्यातली वैरन याला पुरनार न्हाई."

आदत म्हणजे अजून पक्के दात न आलेलं कोवळं जनावर. आणि सगळे दात आले की तो जुळलेला बैल, म्हणजे उमेद सरत आलेला. मधे चार दाती असतो. कामाला तयार, अजून पुष्कळ वर्षं राबणारा आणि भावाला रास्त. मधल्या किमतीच्या कार्डाला नानांनी तिथल्या तिथे चार दाती ठरवलं. पुढे कितीतरी दिवस फिरोज येणाऱ्या गिऱ्हाइकांना 'हे घ्या, चार दाती आहे' असं सांगत होता म्हणे.

पण घेण्याआधी शेवटची परीक्षा झाली. मधल्या कार्डावर नाना स्वतः गाडी चालवायला बसले. झाड दिसलं की थांबायचे, गाडी मागे घ्यायचे, परत पुढे आणायचे. शर्यतीतल्या बाकीच्या गाड्या कधीच घरी गेल्या होत्या. माळ्यावर गिऱ्हाईक जमलं, सगळे बघत होते. फिरोजनं न राहवून विचारलं की नाना, शर्यत कधी लावणार? नाना म्हणाले, "शर्यतीचं मला काय करायचंय? ह्यात झाड किती लांबनं दिसतं, येवढंच सांगा."

इतकी कार्डं विकली, पण हा प्रश्न फिरोजला कुणी विचारला नव्हता. त्यानं गेमच्या आत कुठेतरी जाऊन लांबचं दाखवायची पट्टी सरकवली आणि रस्ता थेट टेकडीपर्यंत दिसू लागला, दोन्ही बाजूंना झाडांसकट. नाना बराच वेळ त्या रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, फिरोजच्या हातावर टाकला आणि त्याच्याखालून त्याची बोटं धरली.

बैलाचा भाव असाच ठरतो. टॉवेलाखाली बोटं दाबून, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. फिरोजला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला गुदगुल्या झाल्या. तो हसत हात ओढून घ्यायला लागला आणि त्या ओढाताणीत त्याची जेवढी बोटं नानांच्या मुठीत उरली तेवढ्यावर नानांनी सौदा पटला म्हणून जाहीर केलं. शेजारी उभ्या असलेल्या भिंगारच्या एका म्हाताऱ्यानं त्याला दुजोरा दिला. फिरोज मला विचारत राहिला, सर, मी कितीला हो म्हणालो? मी मान हलवली.

मी चहा सांगायला खाली गेलो तेवढ्यात पुढची गोष्ट घडली. जनावर विकताना त्याचं दावं द्यायचं नसतं. दावं विकणाऱ्याकडेच राहतं, घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो आणि त्यानं जनावर घरी नेतो. नानांनी कार्ड आपल्या कोऱ्या टॉवेलात गुंडाळलं आणि खोकं, खोक्यातली चकचकीत तबकडी, सगळं फिरोजच्या पुढ्यात सरकवून दिलं. फिरोजनं दोनदा सांगितलं की नाना, हे न्या, हे लागतं. नाना म्हणाले की दुसऱ्याचं दावं आमच्या घरी येत नाही, आणि जिना उतरले.

घरी काकूंनी कार्डाला हळदकुंकू लावलं. सोनेरी दातांना लागू नये म्हणून मी ते वरच्या पत्र्याला लावायला सांगितलं, ही माझी त्या दिवसातली एकमेव तांत्रिक कामगिरी. पेटी उघडून नानांनीच कार्ड बसवलं, कॉम्प्युटर लावला, आणि पडद्यावर जे आलं ते बघायला आम्ही दोघं वाकलो. अक्षरं विटकरीएवढी, रंग मोजून चारदोन, आणि गेम तर सुरूच होईना. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या. नाना खुर्चीत बसले ते एकदम म्हातारे दिसायला लागले. एवढ्याशा गोष्टीनं माणूस इतका खचतो याचं मला नवल वाटलं, आणि थोडा संतापही आला. रंजनाचे दिवस भरत आले होते आणि यांना गेमची पडली होती.

त्या तबकडीत कार्ड चालवणारा प्रोग्राम असतो, तिच्यावाचून कार्ड नुसता पत्रा, हे फिरोजनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. नानांना ते पटेना असं नाही, पण रीत आडवी आली. विकणाऱ्याचं दावं घरात आणलं की जनावर परत त्याच्याकडे पळतं, हे त्यांनी नोकरीभर शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. शेवटी मी तोड काढली. तबकडी माझ्या नावानं माझ्या घरी आणली आणि तिथून नानांकडे उसनी दिली. विरजण देतात तशी. काम झाल्यावर नानांनी ती परत आणून दिली. ती आजही माझ्या कपाटात आहे आणि तिचा मला काहीही उपयोग नाही.

कार्ड चालू लागलं. आता नाना दुपारभर दिसेनासे झाले. दार लोटलेलं, आतून गेममधल्या गाडीची घरघर. मी जायचं सोडून दिलं होतं.

मग एका दुपारी नेवाशाहून फोन आला. रंजनाला मुलगी झाली, दोघी सुखरूप. जावईबापू म्हणाले, बाराव्या दिवशी बारसं, आईंना सांगा. मी तसाच उठून शेजारी गेलो. दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबलो.

पडद्यासमोरच्या खुर्चीवर नाना होते, मांडीवर कीबोर्ड. त्यांच्या खुर्चीला मागून खेटून दुसरी खुर्ची, तिच्यावर काकू. एका अंगाला बसलेल्या, दोन्ही पाय एकाच बाजूला, उजवा हात नानांच्या खांद्यावर. पदर खोचलेला. त्या नानांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होत्या. गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली होती आणि समोर तो टेकडीपर्यंतचा रस्ता.

"झाड आलं," काकू म्हणाल्या.

"दिसलं," नाना म्हणाले.

"त्याच्या मागं आनखी एक हाय."

"तेबी दिसलं."

झाड हळूहळू मोठं होत आलं, बाजूनं गेलं. काकूंच्या बोटांनी नानांचा सदरा घट्ट धरला होता, तो सुटला. कितीतरी वेळ मी निरोप घेऊन दारात उभा होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायची मला गरजही वाटली नाही. मग मी खाकरलो आणि मुलगी झाल्याचं सांगितलं. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि देवापुढे साखर ठेवायला आत गेल्या.

नाना मला ओसरीवर घेऊन आले. म्हणाले की आधीच्या कार्डावर काकूंना असंच बसवलं होतं. पहिलं झाड एकदम पुढ्यात आलं तशा काकू उठल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हापासून ते असं कार्ड शोधत होते, ज्यात झाड लांबूनच दिसेल. आधी दिसलं की मन तयारी करतं, बुजऱ्या बैलाला पुलावरून नेताना हेच करतात म्हणाले.

"मग सांगायचं ना, नाना," मी म्हणालो. "सगळी कॉलनी तुम्हाला हसत होती. मीसुद्धा."

"बाजारात गरज दाखवत न्हाईत, सर. भाव चढतोय," नाना म्हणाले. मग आत काकूंच्या दिशेनं बघत म्हणाले, "आन तिचं भ्या चारचौघांनी हाताळावं, मला नगं वाटलं."

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळीच नानांनी स्कूटर बाहेर काढली. एवढ्या लांब स्कूटरवर कशाला, जीप सांगू, असं मी म्हणून पाहिलं. नाना म्हणाले की जीपला मधे थांबवता येत नाही आणि मागं बसलेल्याला पुढचं दिसत नाही. कॉलनीतल्या सगळ्यांना त्या दिवशी एकाच वेळी अंगण झाडायचं आठवलं होतं. काकू बाळाचं झबलं-टोपडं घातलेली पिशवी घेऊन आल्या, स्कूटरला हात लावून नमस्कार केला आणि बसल्या. स्कूटर निघाली. दूधवाल्याची सायकल त्यांना मागे टाकून गेली.

कोपऱ्यावर गुलमोहर आहे. त्याच्या अलीकडे स्कूटर थांबली. काकू उतरल्या. सगळे झाडू थांबले. काकू झाडाकडे बघत बघत चालत पलीकडे गेल्या. नानाही उतरले होते, आणि हातानं स्कूटर ढकलत त्यांच्या बरोबरीनं चालत होते. झाड मागे पडल्यावर दोघं पुन्हा बसले आणि वळणाआड गेले. मी तिथेच उभा राहून नेवाशापर्यंतचा रस्ता मनात आठवत होतो. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंना नुसती झाडंच झाडं आहेत.

दुपार झाली, फोन नाही. ऊन उतरलं तरी फोन नाही. आमची ही सारखी फोनकडे बघत होती. दिवेलागणीला एकदाचा वाजला.

"पोचलो, सर," नाना म्हणाले. पाठीमागे घरभर माणसांचा गलका होता.

मी विचारलं, काकूंनी त्रास नाही ना करून घेतला? नाना म्हणाले की पांढरीच्या पुलापर्यंत उतरणं-बसणं चाललं, त्यांनीही घाई केली नाही. पुढे उतरणं कमी कमी होत गेलं.

"घोडेगावच्या म्होरं ते झाड हाय न्हवं," नाना म्हणाले. "तिथं मी गाडी थांबवली. म्हनलं, उतर, चालत जाऊ."

"मग?"

"ती उतरलीच न्हाई. म्हनली, मला दिसलंया ते, चला तुमी." नानांचा आवाज फार खाली गेला. "उतरलो हुतो ते मीच, सर. माझंच पाय कापत हुतं. दोन वर्सं झाली, मी येकट्यानंबी त्या रस्त्याला गेल्तो न्हाई. कुनाला बोललो न्हाई. लई येळ मी तिथं गाडीला धरून हुबा. ती आपली मागं बसून."

मी विचारलं, मग काय केलंत?

"काय करनार. बसलो. तिनं खांद्यावर हात ठेवला, आन आलो."

त्यांनी फोन ठेवला नाही. बराच वेळ पलीकडून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि त्याच्यावरून काकूंचा, कुणाला तरी पाणी तापवायला सांगणारा.